तात्यांचा दम पंधरा

“माझ्या नावावर बारा गोल खायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, वहिनी?”

“गोल मी नाही खाल्ले, तात्या. तुम्ही खाल्लेत.”

“मी? अहो, मी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नाही!”

“म्हणूनच खाल्लेत!”

सकाळचे नऊ वाजले होते आणि आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, हे चाललं होतं. तात्या तुळशीपाशी उभे, लुंगी वर खोचलेली, हातात मोबाइल परशुरामाच्या परशूसारखा धरलेला. मी पडवीच्या पायरीवर. आणि मध्ये अख्खी वाडी. कोण दगडी गडग्यावर बसलंय, कोण रहाटाला टेकलंय, कोण नुसतंच ‘दूध आहे का’ विचारायला आल्याचं सोंग करतंय. माझ्या मागे दाराच्या चौकटीत माझी नात श्रावणी, तोंड पांढरं पडलेलं. तिच्यापायी हे सगळं झालं असं वाडी म्हणत होती.

खोटं आहे. झालं ते माझ्यापायी. घोळ कबूल करायची मला हौस नाही, पण हा घोळ एवढा मोठा की झाकायला घरात चादर नाही. तेव्हा सांगतेच.

श्रावणी चार वर्षं कोल्हापूरला शिकली आणि डिग्रीबरोबर फुटबॉलचं वेड घेऊन घरी आली. आता ती माडीवर बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते, आणि नोकरी संपली की तिथेच बसून दुसरं काम. तिच्यासारखीच आठ-दहा वेडी माणसं मिळून फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवत होती. एक कोल्हापूरचा, दोघी गोव्याच्या, एक केरळचा, एक तर थेट अर्जेंटिनाचा. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फुकट काम, फुकट वाटायचं.

मी एकदा विचारलं, “काय गो, बाजारात असले गेम मिळत नाहीत?”

“मिळतात ना आजी. त्यांच्याकडे लायसन्स असतं. क्लबांची नावं, खेळाडूंचे चेहरे, शर्टांचे रंग, सगळं रीतसर विकत घेतलेलं. चेहरा घामाच्या थेंबासकट खरा. आणि खेळ? नव्वद मिनिटं माणूस मोटार लावल्यासारखा पळतो! दमत नाही, चिखलात घसरत नाही, कुणावर चिडत नाही.”

“आणि तुमचा?”

“आमचा दमणार. पावसात घसरणार. चिडून चुकीचा पास देणार. पण आमच्याकडे लायसन्स नाही ना! खरं नाव एकसुद्धा घालता येत नाही. घातलं की वकिलाची नोटीस.”

“मग तुमच्या खेळाडूंची नावं काय?”

तिने दाखवलं. ‘खेळाडू सात’. ‘खेळाडू नऊ’. ‘खेळाडू दहा, डावखुरा’. तुम्हीच सांगा, अशा माणसाला राग तरी कसा येणार? कुणाचा कोण नाही, गाव नाही, घर नाही! श्रावणी म्हणाली, चाचणीसाठी दिला की लोक खेळून बघतात, खेळ आवडतो म्हणतात, पण माणसं ओळखीची वाटत नाहीत म्हणून सोडून देतात. दोन वर्षांचं काम होतं पोरांचं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हटलं, “रडतेस कशाला? नावं मी देते.”

“नुसती नावं नको गो. प्रत्येकाचा वेग, दम, नेम, राग. शंभरपैकी आकडा हवा. चालायची लकब हवी. दमल्यावर काय करतो ते हवं.”

“एवढंच? या वाडीतला माणूस घाटीच्या चढणीवरून येताना नुसत्या चपलेच्या आवाजावरून ओळखते मी.”

“पण त्यांना विचारायला नको?”

“विचारायचं कुणाला? लायसन्स मोठ्या लोकांचं असतं. आपल्या वाडीचं कसलं आलंय लायसन्स!”

हे मी बोलले. नाकारत नाही.

आता, अकरा नावं लिहायची म्हटल्यावर आमच्या वाडीतला माणूस ती कशी लिहील? मानाप्रमाणे! दुसरी रीत आम्हाला ठाऊकच नाही. शिमग्याला देवीची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा वरच्या घराचा, म्हणजे तात्यांचा. दुसरा टेंबावरच्या घराचा. तिसरा विहिरीकडच्यांचा. असं करत शेवटपर्यंत. नारळ देताना तीच ओळ, प्रसाद वाटताना तीच ओळ. एका लग्नपत्रिकेत तिसरं घर दुसऱ्याच्या वर छापलं गेलं होतं, तर दुसरं घर मांडवात येऊन पाणीसुद्धा न पिता परत गेलं होतं.

तेव्हा मी वहीत पहिला आकडा घातला आणि त्यापुढे तात्यांचं नाव लिहिलं. शेवटी, अकरावा, मनोहर. हा तात्यांचा जावई. मूळचा गुहागरचा, तात्यांना मुलगा नाही म्हणून घरजावई होऊन आला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला जातो. पालखीत त्याला खांदा नाही. तो पेट्रोमॅक्स धरतो.

श्रावणीने माझे आकडे जसेच्या तसे शर्टांच्या पाठीवर चढवले.

आणि फुटबॉलात एक नंबर म्हणजे गोलकीपर असतो! सगळे पुढे पळतात, हा मागे एकटा जाळं राखत उभा. आणि अकरा नंबर पुढे जाऊन गोल मारतो!

हे मला माहीत नव्हतं. श्रावणीला वाटलं, आजीला माहीत आहे. का वाटणार नाही? मीच तिला दम दिला होता, “मला शिकवू नको, वर्ल्डकपची फायनल बघितली आहे मी.” बघितली होतीच. सुपारी कातरत, चष्म्याशिवाय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन, शिवणयंत्र, सातबारा कसा बघायचा, मोबाइलवर मराठी कसं लिहायचं, सगळं माझं मी शिकले. त्याचा अभिमान आहे मला, आणि का नसावा? पण सगळं आपलं आपण शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. विचारायची जीभच राहत नाही.

बाकी आकडे मात्र मी इमानाने दिले. मनोहरचा वेग ब्याण्णव. सासुरवाडीत ‘जरा हे आण, जरा ते आण’ ऐकून ऐकून आलेला वेग तो! विहिरीकडच्या रमाकांतचा राग अठ्ठ्याण्णव, कारण एका फणसाच्या फांदीवरून सख्ख्या भावाला कोर्टात नेणारा माणूस तो. टेंबावरच्या सुरेशचा नेम सहा. त्याने आंब्यावर मारलेला दगड माझ्या कौलांवर पडतो, आज तीस वर्षं.

आणि तात्यांचा दम पंधरा.

हा आकडा कुठून आला, ते सांगायला हवं. त्या आधीच्या शिमग्याला पालखी घाटी चढत होती. ढोल, गुलाल, आरडाओरडा. मी पाठच्या वाटेने पुढे जाऊन थांबले होते. पालखी वळणावर जरा टेकवली, आणि तात्या हळूच काजूंच्या मागे आले. एक हात कमरेवर, एक हात झाडावर, मान खाली. श्वास असा की भाता फुटलाय जणू. मला बघून दचकले. बोलता येईना, नुसता हात हलवला. मग दोन मिनिटांनी म्हणाले, “वहिनी, कुणाला बोलू नका.”

“नाही बोलणार,” मी म्हटलं. ते परत जाऊन खांद्याखाली उभे राहिले. दांडा खांद्यावर, पण भार सगळा मागच्या सुरेशवर. सुरेशला वाटलं, यंदा देवीच जड झाली आहे.

(हे लिहायला मी तात्यांची परवानगी घेतली आहे. या वेळी लेखी. दोन शिमगे झाल्यावर खांदा त्यांनी आपणहून सोडला, आणि म्हणाले, “आता लिवा काय ते.” म्हणून लिहिते.)

मी कुणाला बोलले का? नाही! शब्द पाळला. घरात सुनेला नाही, देवळात गुरवाला नाही. कॉम्प्युटरला फक्त सांगितलं. दम पंधरा. दमल्यावर एक हात कमरेवर, एक हात खांबावर, मान खाली. कॉम्प्युटरला सांगितलं म्हणजे जगाला सांगितलं, हे मला कोण सांगणार? मी विचारलं असतं तर ना!

गेम बाहेर पडला. पहिले चार दिवस श्रावणी माडीवरून उतरेना. पाचव्या दिवशी धावत खाली आली आणि मला मिठीच मारली.

“आजी! लोक वेडे झालेत!”

कशाने? तर तात्यांनी! कुणीतरी खेळताना काढलेला तुकडा सगळीकडे फिरत होता. भर पाऊस, मैदानात चिखल, पन्नास मिनिटं झालेली. आमचा गोलकीपर एक हात कमरेवर, एक हात गोलच्या खांबावर, मान खाली घालून धापा टाकतोय. समोरून चेंडू येतो. जोरात नाही हो, घरंगळत! तात्या मान वर करतात. बघतात. पुन्हा मान खाली घालतात. चेंडू आत. असे बारा गोल!

केरळच्या पोराने लिहिलं होतं की असा खराखुरा दमलेला माणूस त्याने कुठल्याही गेममध्ये पाहिला नाही. अर्जेंटिनावाला म्हणे दहा वेळा बघून रडला. त्याचे आजोबा असेच उभे राहायचे. श्रावणी म्हणाली, “आजी, लायसन्सवाल्यांना जे जमलं नाही ते तात्याआजोबांनी केलं!”

मला काय कमी आनंद झाला? मी चहात साखर दोनदा घातली.

मग तो तुकडा वाडीच्या ग्रुपवर आला.

पहिल्या दिवशी नुसती मजा. रमाकांत मैदानातून हाकलला जातो ते बघून त्याचा भाऊ, जो सहा वर्षं बोलत नव्हता, त्याने हसण्याचं चित्र टाकलं. बर्फाच्या कारखान्यात मनोहरला बसायला खुर्ची मिळाली. तो बिचारा लाजून चूर. “मी काय केलं नाय हो, मामी,” म्हणून मला सांगायला आला. सासऱ्याला तो मामा म्हणतो, आणि त्यामुळे मलाही मामी.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी दिनेश जागा झाला. त्याने लिहिलं, ‘तात्यांचं वय झालं हे व्हिडिओत स्पष्ट दिसते. यंदा पहिला खांदा मनोहरला द्यावा. तो फिट आहे. गोलही त्यानेच मारले आहेत.’

वाचलंत? अहो, देवीचा खांदा! आणि तो कुणाला द्यायचा हे चिखलातला चेंडू ठरवणार!

खाली लगेच टेंबावरच्यांनी लिहिलं की जावयाला खांदा नसतो. तात्यांना जमत नसेल तर पहिला मान ओळीने आमच्याकडे येतो. विहिरीकडच्यांनी लिहिलं, तुम्ही पहिले झालात तर आम्ही दुसरे, लेखी द्या. रात्रीपर्यंत बाकीची सगळी घरं एकेक पायरी वर सरकली होती. एकटे तात्या तेवढे ओळीतून बाहेर पडले होते.

शिमगा बारा दिवसांवर.

आणि म्हणून ती सकाळ, आमचं खळं, आणि तुळशीपाशी तात्या.

“नाव माझं! चाल माझी! कुणाला विचारलंत?” तात्या म्हणाले. “त्या गोऱ्या खेळाडूंचं नाव घ्यायला लायसन्स लागतं, आणि माझं काय रस्त्यावर पडलंय?”

“पहिलं लिहिलं होतं मी तुम्हाला! मानाने!”

“पहिला माणूस मागे उभा करतात? राखणीला? आणि माझा जावई पुढे नाचतो?”

“मामा, मी बोललो होतो का असा पुढे ठेवा म्हणून?” मनोहर गडग्याआडून म्हणाला.

“तू गप रे!”

श्रावणी पुढे आली. “आजोबा, नंबर बदलते. तुम्ही पुढे, मनोहरकाका मागे. एका मिनिटाचं काम आहे.”

“कर!”

“पण...” पोरगी खरं बोलणारी, माझ्यावर गेली आहे. “दम पंधराच राहणार. पुढे पळायला लागलात तर दहाव्या मिनिटाला बसाल.”

कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांच्या मानेवरची शीर मला पायरीवरून दिसली.

“मग दम वाढव!”

“तसा कुणाचाच वाढवत नाही आम्ही. एकाचा खोटा केला की सगळा गेम खोटा.”

“मग काढून टाक मला! सगळंच काढून टाक! नाहीतर मी वकील बघतो!”

श्रावणीने माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांचं काम, आणि ज्या एका माणसापायी लोक तो गेम खेळत होते तोच म्हणत होता, काढा. मला पण संताप आला. मी म्हटलं, “एवढं काय झालं, तात्या? खेळच आहे ना? उद्या बंद केला की संपला.”

तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत.

आणि मला काय ते कळलं. अहो, हा माणूस सकाळपासून नंबराबद्दल ओरडत होता, परवानगीबद्दल ओरडत होता, जावयाबद्दल ओरडत होता. एक गोष्ट तेवढी तोंडातून काढत नव्हता. ‘वहिनी, तुम्ही शब्द मोडलात.’ कसा म्हणणार? म्हटलं की कसला शब्द ते सांगावं लागलं असतं. अख्खी वाडी कान टवकारून उभी होती. त्या खळ्यात खरं भांडण फक्त दोघांचं होतं, आणि दोघांपैकी एकालाही ते मोठ्याने करता येत नव्हतं.

रहाटाला टेकलेला सुरेश सरळ झाला. टेंबावरचा, दुसऱ्या खांद्याचा. तो वाईट माणूस नाही, पण पहिला खांदा कुणाला नको?

“काकी, भांडण ठेवा बाजूला,” तो म्हणाला. “एकच सांगा. माझा नेम तुम्ही सहा लिहिलात. खरा आहे, मी मान्य करतो.”

“कौलं देणार आहेस का माझी?”

“ते नंतर. रमाकांतचा राग बरोबर. मनोहरचा वेग बरोबर. दहा जणांचं सगळं बघून लिहिलंत, अगदी नखापर्यंत. मग तात्यांचा दम पंधरा कुठून आला? कधी बघितलात? गेल्या शिमग्याला घाटीत मला खांदा जड लागला होता. म्हणून विचारतो.”

सगळं खळं एक पाऊल पुढे सरकलं.

तात्या जमिनीकडे बघत होते. हात नकळत तुळशीवृंदावनावर गेला होता, आणि तो तिथे गेलाय हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईने मागे घेतला. सत्तरी उलटलेला माणूस. बापाच्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर आलेला तो दांडा. एका आकड्याने जाणार होता, आणि आकडा माझ्या हातचा.

‘मनाने लिहिलं’ म्हणावं, तर कोण विश्वास ठेवणार? बाकीचे दहा माझ्या विरुद्ध साक्षीला उभे. ‘बघितलं’ म्हणावं, तर संपलंच.

मागे माझी सून चहाची किटली घेऊन उभी होती. ती गेली तीन वर्षं म्हणते आहे, आई, आता घाटी चढू नका, काजूत एकट्या जाऊ नका. मी तिला दर वेळी सांगते, तू आधी माझ्या पुढे चालून दाखव. आजही मी घाटी एका दमात चढते, मध्ये न थांबता. खोटं वाटत असेल त्याने यावं रत्नागिरीला. या वाडीत मला कुणी थकलेलं पाहिलेलं नाही, आणि ते कुणाला दाखवायची माझी तयारीही नव्हती.

“बोला ना, काकी,” सुरेश म्हणाला.

मी पायरीवरून उठले. गुडघा जरा धरला, कुणाला दिसेल असा. मग अख्ख्या वाडीसमोर मी एक वाक्य बोलले, आणि भांडण तिथेच संपलं.

“खांब धरून धापा टाकतात ते तात्या नाहीत रे, ती मी आहे, स्वतःच्या नावावर पंधरा लिहायची लाज वाटली, म्हणून तो आकडा वहीत पहिलं नाव होतं त्याच्यावर खपवला!”